सीमा कोणी आखल्या?

भूगोलाच्या नकाशासंग्रहात जगाचा नकाशा उघडला म्हणजे सात खंड निरनिराळ्या रंगांत रंगविलेले दिसतात. ऑस्ट्रेलिया खंडाच्या चहूबाजूंना पाणी आहे. त्यामुळे तेथे रंग कोठे थांबवावा हा प्रश्न नकाशा करणाऱ्याला पडत नाही. समुद्र लागला की रंग संपला. परंतु आशिया आणि युरोप यांच्या मधल्या जागेवर बोट ठेवून पाहावे. तेथे बहुतेक भागात समुद्र नाही, सामुद्रधुनी नाही. उत्तरेकडे हजारो किलोमीटर सलग पसरलेली एकच भूमी आहे, आणि तिच्यावर एक रंग संपून दुसरा रंग सुरू झालेला आहे. रंगाची ही कड तेथे कोणी आणली?

आधी शब्द पाहू. ‘खंड’ म्हणजे तुकडा. पावसाळ्यात आठ-दहा दिवस पाऊस पडला नाही, तर शेतकरी म्हणतो, ‘पावसाने खंड पाडला.’ म्हणजे या शब्दात तुटलेपणा आहे. इंग्रजीत याच अर्थी जो शब्द योजतात तो लॅटिन भाषेतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ नेमका उलट, म्हणजे ‘सलग असलेली भूमी’ असा आहे. एकाच वस्तूला एका भाषेने तुटलेली म्हटले व दुसरीने जोडलेली म्हटले. वस्तुतः दोन्ही नावे अर्धी अर्धी खरी आहेत.

जगाचे तुकडे पाडण्याची हौस मनुष्याला फार प्राचीन काळापासून आहे. आपल्या पुराणांनी पृथ्वीची सात द्वीपे सांगितली. पूजेच्या आरंभी संकल्प सोडताना आजही जंबुद्वीपाचे व भरतवर्षाचे नाव घेतात, आणि यजमान गोदावरीच्या दक्षिण तीरावर आहे की उत्तर तीरावर आहे हेही सांगतात. ग्रीक लोकांनी जगाचे तीन भाग केले. हे लोक एजियन समुद्रावर नावा हाकारणारे. त्या समुद्राच्या एका काठाला ते युरोप म्हणत, समोरच्या काठाला आशिया, आणि दक्षिणेकडील भूमीला लिबिया. नावेत बसून पाहणाऱ्याला हे दोन काठ स्पष्टच वेगळे दिसत. परंतु काठ सोडून उत्तरेकडे आत जावे तसे पाणी अरुंद होत जाते, शेवटी संपते, आणि दोन्ही काठ एकमेकांस मिळतात. मग पुढे काय करावयाचे? कोणी म्हणे फासिस नदी ही सीमा मानावी, कोणी म्हणे डॉन नदी मानावी.

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात होऊन गेलेला ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याला ही वाटणी पटली नव्हती. पृथ्वी एकच असता तिला तीन नावे, आणि तीही तीन स्त्रियांची, का दिली गेली हे आपणांस कळत नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. नाईल नदी ही आशिया व लिबिया यांची सीमा मानणाऱ्यांची तर त्याने चांगलीच फिरकी घेतली. नाईल समुद्राजवळ आल्यावर अनेक फाटे फुटून तिचा त्रिभुज प्रदेश बनतो. नदी हीच सीमा असेल, तर दोन फाट्यांच्या मध्ये राहणारे लोक कोणत्या खंडातले? त्यांच्यासाठी चौथा खंड काढावा लागेल, असे तो म्हणतो. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा आक्षेप आजही खोडून काढता येत नाही.

तरीही डॉन नदीची सीमा पुढे शतकानुशतके चालली. तिच्यात एक मोठी उणीव होती. डॉन उगम पावते मॉस्कोच्या दक्षिणेस. त्या उगमाच्या उत्तरेला सीमा कोठून न्यावी हे कोणासच ठाऊक नव्हते. नकाशा काढणारे तेथून उत्तरेच्या समुद्रापर्यंत अंदाजाने एक रेघ ओढून मोकळे होत. अठराव्या शतकाच्या आरंभी रशियात पीटर द ग्रेट हा सम्राट राज्य करीत होता. आपला देश युरोपीय राष्ट्रांच्या पंक्तीत बसावा ही त्याची महत्त्वाकांक्षा होती. डॉनची सीमा धरली तर रशियाचा फार मोठा भाग आशियात जातो, ही गोष्ट तेथील शिकल्यासवरल्या लोकांना रुचणे शक्य नव्हते. याच काळात स्ट्रालेनबर्ग नावाचा एक स्वीडिश सेनाधिकारी रशियाच्या कैदेत सापडून सैबेरियात जाऊन पडला होता. सुटका झाल्यावर त्याने १७३० मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यात युरोप आणि आशिया यांची सीमा उरल पर्वतावरून दाखविली. ही कल्पना मुळात आपण त्याला सुचविली होती, असे तातिश्चेव्ह या रशियन अधिकाऱ्याचे म्हणणे होते. कल्पना कोणाचीही असो, ती रशियाच्या सोयीची होती. म्हणून ती टिकली आणि पुढे जगभरच्या शाळांत शिकविली जाऊ लागली.

उरल हा काही हिमालयासारखा अलंघ्य पर्वत नव्हे. त्याचे सर्वांत उंच शिखर सुमारे १,८९५ मीटरांचे आहे; आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे. येकातेरिनबर्ग शहराच्या बाजूला तर उरल इतका ठेंगणा आहे की, प्रवाशाला आपण पर्वत ओलांडला हे उमगतही नाही. म्हणून तेथे रस्त्याच्या कडेला ‘एका बाजूस युरोप, एका बाजूस आशिया’ असे सांगणारे स्तंभ उभारले आहेत. मौज अशी की, असा स्तंभ एकच नाही. निरनिराळ्या जागी अनेक आहेत.

उरलच्या दक्षिणेस, कॅस्पियन समुद्र व काळा समुद्र यांच्या मध्ये, हा घोटाळा अधिकच वाढतो. कोणी कॉकेशस पर्वताच्या माथ्यावरून सीमा नेतात, कोणी त्याच्या उत्तरेकडील सखल भागातून नेतात. या वादात एका शिखराचे भवितव्य अडकले आहे. एल्ब्रुस शिखर ५,६४२ मीटर उंच आहे. कॉकेशसचा माथा ही सीमा धरली, तर एल्ब्रुस युरोपात येते आणि युरोपातील सर्वोच्च शिखर ठरते. सखल भागातली सीमा धरली, तर ते आशियात जाते, आणि युरोपातील पहिला मान आल्प्समधील सुमारे ४,८०० मीटरांच्या माँ ब्लाँला मिळतो. दोन्ही शिखरे आपापल्या जागी उभी आहेत. माणसाची लेखणी थोडी सरकली की त्यांचा क्रम बदलतो.

खंड किती, याविषयीही जगात एकमत नाही. आपल्याकडे सात शिकवितात. रशियातील मुले युरोप व आशिया मिळून युरेशिया हा एकच मोठा भूखंड मोजतात. दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांत दोन्ही अमेरिका मिळून एकच खंड समजतात. ऑलिंपिकच्या ध्वजावर कड्या पाचच आहेत. ग्रीनलंडला बेट म्हणावयाचे आणि ऑस्ट्रेलियाला खंड म्हणावयाचे, हाही संकेतच. अमुक इतके चौरस किलोमीटर भरले की बेटाचे खंड होते, असा निसर्गाचा नियम नाही. भूशास्त्रज्ञांची कसोटी आणखी वेगळी. पृथ्वीचे कवच मोठमोठ्या तबकांचे बनलेले आहे, असे ते सांगतात. त्या हिशेबाने युरोप व आशियाचा मोठा भाग एकाच तबकावर आहे, आणि भारत मात्र वेगळ्या तबकावर! भारताची भूमी कोट्यवधी वर्षांपूर्वी आफ्रिका व अंटार्क्टिका यांना जोडलेली होती; ती सुटून उत्तरेकडे सरकली आणि आशियाला येऊन भिडली. त्या जुन्या महाखंडाला शास्त्रज्ञांनी गोंडवन असे नाव दिले, ते आपल्या मध्य भारतातील गोंडांच्या भूमीवरून. तेव्हा खडकांना विचारले, तर भारत हा आशियाचा भाग म्हणण्यापेक्षा आशियाकडे आलेला पाहुणा म्हणावा लागेल. भूगोलाने मधला मार्ग काढून त्याला ‘उपखंड’ म्हटले.

या सर्व गोष्टी दूरदेशीच्या वाटतील. परंतु असाच पेच महाराष्ट्राच्या नकाशातही आहे, आणि तो डोळ्यांनी पाहण्यास पुण्याहून अर्ध्या दिवसाची वाट पुरे. कोकण आणि देश हे महाराष्ट्राचे दोन जुने विभाग. कोकण कोठे संपते आणि देश कोठे लागतो असे कोणासही विचारावे. तो चटकन सांगेल, ‘सह्याद्रीपाशी.’ उत्तर बरोबर आहे. मात्र सह्याद्री ही पेन्सिलीने ओढलेली रेघ नव्हे.

पुण्याहून पश्चिमेस निघाले म्हणजे पिरंगुट मागे पडून पौड लागते. हे मुळशी तालुक्याचे ठाणे. पुढे रस्ता मुळशीच्या विस्तीर्ण जलाशयाच्या कडेकडेने वळणे घेत ताम्हिणीकडे जातो. पुण्याच्या परिसरात वर्षाला सुमारे सत्तर सेंटिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेकडे जावे तसा तो वाढत जातो, आणि ताम्हिणीच्या माथ्यावर तो याच्या कितीतरी पट कोसळतो. बारामती-इंदापूरकडे ज्वारी-बाजरीची शेते डोलतात. येथे भाताची खाचरे दिसू लागतात. मुळशी-मावळचा आंबेमोहोर तांदूळ प्रसिद्धच आहे. पावसाचा झोत सोसण्यासाठी घरांची छपरे उतरती होतात. म्हणजे पाऊस, पीक आणि घर यांकडे पाहिले तर कोकण ताम्हिणीच्या बरेच अलीकडे सुरू झाले असे वाटते. पण हा सर्व प्रदेश समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटर उंचीवर आहे आणि येथली मुळा नदी पूर्वेकडे पुण्यास जाते. त्या दृष्टीने हा निखालस देश.

मग येथील रहिवाशाला काय म्हणावे? कोकणातील माणूस त्याला ‘घाटावरचा’ म्हणतो. पुण्याच्या पूर्वेकडील माणूस त्याला देशावरचा न म्हणता ‘मावळातला’ म्हणतो. मावळ हा शब्द मोठा बोलका आहे. सूर्य ज्या बाजूस मावळतो ती बाजू मावळ, असा त्याचा अर्थ सांगतात. अर्थात हे नाव पूर्वेकडून पाहणाऱ्याने दिलेले आहे. विळ्याच्या किंवा भिऱ्याच्या कोकणी शेतकऱ्याला सूर्य याच डोंगरांमागून उगवताना दिसतो. नाव ठेवणे त्याच्याकडे असते तर त्याने या मुलखाला उगवत म्हटले असते. आशिया व युरोप या नावांविषयीही काही विद्वानांनी असाच तर्क केला आहे. एकाचा अर्थ सूर्योदय आणि दुसऱ्याचा सूर्यास्त असावा, असे ते म्हणतात. तसे असेल तर तीही नावे कोणा एका काठावर उभ्या असलेल्या माणसाने ठेवलेली आहेत.

सह्याद्रीचे रूपही दोन्ही बाजूंनी सारखे नाही. पौडकडून येणारा हळूहळू चढत जातो. मोठा पर्वत चढल्यासारखे त्याला वाटतच नाही. निवे गाव मागे टाकून तो कड्याशी येतो, आणि एकदम पायांखाली कोकण उघडते. याच्या उलट, विळ्याहून वर पाहणाऱ्यासमोर काळ्या कातळाची प्रचंड भिंत उभी असते. सीमा कोठे आहे याविषयी खालच्या माणसाच्या मनात शंका राहात नाही. वरच्याला मात्र ती शोधावी लागते. भूगोलवेत्ते सांगतात की, सह्याद्री हा खऱ्या अर्थाने पर्वत नव्हेच; ती दख्खनच्या पठाराची तुटलेली कड आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून जो काळा पाषाण बनला, तोच कड्याच्या वर आहे आणि तोच खाली आहे. खडकाला देश आणि कोकण हा भेद ठाऊक नाही.

माणसाने मात्र कामाप्रमाणे सीमा मानली. घाटवाटांनी मीठ वर येत असे आणि धान्य खाली जात असे, त्या काळी जेथे जकात द्यावी लागे ती जागा म्हणजे व्यापाऱ्याची सीमा. जुन्नरजवळच्या नाणेघाटात दगडाचा एक मोठा रांजण आहे. तो जकातीच्या नाण्यांसाठी होता असे लोक सांगतात. सरकारी दप्तरातील सीमा म्हणजे पुणे आणि रायगड या जिल्ह्यांची हद्द. या रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. नावे बदलली, हद्द बहुतेक डोंगरमाथ्यानेच चालत राहिली.

या सर्व कसोट्यांत एक कसोटी फार पक्की समजली जाते. ती पाण्याची. माथ्यावर पडलेला थेंब ज्या बाजूस वाहील त्या बाजूचा. दोन दिशांस पाणी वाटून देणाऱ्या अशा रेषेला जलविभाजक म्हणतात. ताम्हिणीच्या माथ्यावर शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांचे नशीब किती वेगळे! एक थेंब पश्चिमेकडे ढळला तर कड्यावरून उडी घेऊन भिऱ्याच्या बाजूने कुंडलिका नदीत जातो. तेथून अरबी समुद्र जवळच. हवाई अंतर पन्नास-साठ किलोमीटरांचे. दुसरा थेंब पूर्वेकडे ढळला तर मुळेत येतो. पुण्यास मुळेला मुठा मिळते. मुळा-मुठा भीमेला मिळते. भीमा पंढरपुरास चंद्रभागा म्हणवून घेऊन पुढे कर्नाटकात कृष्णेला मिळते. आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. समुद्र पाठीशी असता तो थेंब सारा दख्खन ओलांडून दुसऱ्या समुद्रास जातो. ही वाटणी कोणा राजाने केलेली नाही, ग्रंथकाराने केलेली नाही. ही एक सीमा तरी निसर्गाची आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.

परंतु मुळशीने हेही विधान पुरते खरे राहू दिले नाही.

मुंबईच्या गिरण्यांना व शहराला वीज हवी होती. कोकणच्या कड्यावरून पाणी खाली सोडले तर त्याच्या वेगाने वीज निर्माण करता येईल, हे टाटांच्या कंपनीने ओळखले. मुळा पूर्वेकडे वाहते; तिला धरण बांधून अडवावे, साठलेले पाणी बोगद्यातून पश्चिमेकडे वळवावे आणि सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडावे, अशी ती योजना होती. धरणाच्या पाण्याखाली मुळशी पेट्यातील अनेक गावे, त्यांची भातखाचरे आणि देवळे जाणार होती. ज्यांचे पूर्वज शिवाजी महाराजांच्या सैन्यात मावळे म्हणून लढले, अशी ही माणसे. आपल्या जमिनी सोडण्यास त्यांनी नकार दिला. १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी त्यांना याच लढ्यात दिली. शेतकऱ्यांनी काम बंद पाडले, मार खाल्ला, तुरुंगवास भोगला. बापटांनाही तुरुंगात जावे लागले. १९२४ पर्यंत हा लढा चालला. तथापि धरण थांबले नाही. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. मुंबईत दिवे लागले, गिरण्या चालल्या. ज्यांच्या शेतांवर हे पाणी उभे राहिले त्यांची घरे मात्र कायमची गेली.

तेव्हापासून मुळेचे पाणी बोगद्यातून जलविभाजक ओलांडते आणि कोकणात उतरते. कोकणातील पुष्कळ नद्या उन्हाळ्यात आटतात. कुंडलिकेला मात्र या पाण्यामुळे बारमाही प्रवाह लाभला. रोहे-कोलाडच्या परिसरातील शेते, गावे आणि कारखाने त्या पाण्यावर विसंबून आहेत. इकडे पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही शहरे अफाट वाढली. हे पाणी पिण्यासाठी पुन्हा पूर्वेकडे द्यावे, अशी मागणी तेथून अनेक वर्षे होत आली आहे. पूर्वेला आणखी दूर कर्नाटक व आंध्र प्रदेश आहेत. कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी खोऱ्याबाहेर किती न्यावे, हा प्रश्न १९६९ मध्ये नेमलेल्या कृष्णा पाणीतंटा लवादापुढेही आला, आणि पश्चिमेकडे वळविल्या जाणाऱ्या पाण्यावर लवादाने मर्यादा घातली. नकाशावरची एक रेघ हजार किलोमीटरांवरच्या शेतकऱ्याच्या पाटापर्यंत पोहोचते ती अशी.

नद्यांची खोरी रंगवून दाखविणारा नकाशा पाहिला, तर मुळशीचा जलाशय कृष्णेच्या खोऱ्याच्या रंगात दिसतो. उतार पाहता तो रंग योग्य आहे. त्यातले पाणी मात्र कोलाडवरून रोह्याकडे जाते आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळते. पुण्याच्या संगमावर मुठेला भेटणाऱ्या मुळेत असते ते धरणाखालच्या ओढ्यांचे व पवनेचे पाणी. आणि भर पावसाळ्यात जलाशय तुडुंब भरला, दरवाजे उघडले, म्हणजे थोडे दिवस ताम्हिणीकडचेही.

स्वाध्याय

(१) नाईल नदीला खंडांची सीमा मानण्यावर हेरोडोटसचा आक्षेप काय होता?

(२) ‘मावळ’ हे नाव पूर्वेकडून पाहणाऱ्याने दिले असे का म्हटले आहे? आपल्या परिसरात दिशेवरून पडलेली गावांची, वाड्यांची किंवा शेतांची नावे शोधा व ती कोठून पाहून दिली असावीत ते लिहा.

(३) आपल्या गावच्या ओढ्याचे पाणी कोणत्या नदीला व शेवटी कोणत्या समुद्राला मिळते, हे नकाशावर बोट फिरवून शोधा. वाटेत कोठे धरण किंवा कालवा लागल्यास त्याचे पाणी कोणाकडे जाते, हे वडीलधाऱ्यांना विचारा.